मोटारसायकलच्या इंधन प्रणालीची कामचलाऊ दुरुस्ती

मोटारसायकलच्या इंधन प्रणालीची कामचलाऊ दुरुस्ती म्हणजे इंधनटाकी, कॉक, नळी, गाळणी, कार्ब्युरेटर किंवा इंधन पंप यांत उद्भवलेला दोष योग्य सुटा भाग न बदलता, हाताशी असलेल्या साहित्याने तेवढ्यापुरता दूर करणे होय. व्यवहारात अशा दुरुस्तीला डागडुजी किंवा जुगाड असेही म्हणतात. टाकीच्या भेगेवर साबण घासणे, गळक्या जोडावर ट्यूबची पट्टी किंवा दोरी गुंडाळणे, फाटलेल्या नळीच्या जागी सलाईनची नळी बसवणे, कार्ब्युरेटरची ओव्हरफ्लो नळी बंद करणे आणि पेट्रोलची बाटली टांगून इंजिन चालवणे ही तिची परिचित उदाहरणे आहेत.

गळती दिसेनाशी होणे आणि इंधन प्रणाली पूर्ववत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक कामचलाऊ उपायांत गळती थांबत नाही, तर तिची जागा बदलते. बाहेर ठिबकणारे पेट्रोल इंजिनातील तेलात उतरू लागते, द्रवाऐवजी वाफ बाहेर पडू लागते, किंवा आज बंद झालेली भेग काही दिवसांनी वेगात असताना उघडते. धोक्याची खूण नाहीशी होते, पण धोका राहतो. त्यामुळे अशी दुरुस्ती कधी, कशाने आणि किती काळासाठी केली आहे, यावर तिचे परिणाम अवलंबून असतात.

इंधन प्रणालीची रचना

गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीत तयार केलेली ‘राइटवागन’ ही पेट्रोलवर चालणारी आरंभीची दुचाकी मानली जाते. तेव्हापासून इंधन साठवणे, ते इंजिनापर्यंत नेणे आणि हवेत योग्य प्रमाणात मिसळणे ही इंधन प्रणालीची तीन कामे कायम आहेत. ती पार पाडण्याच्या पद्धतीवरून मोटारसायकलींचे दोन मुख्य प्रकार पडतात.

कार्ब्युरेटर असलेल्या बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहते. टाकी इंजिनाच्या वर असते. टाकीखालच्या कॉकला चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा तीन स्थिती असतात. कॉकमधून निघालेली लवचीक नळी कार्ब्युरेटरला जोडलेली असते. कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीत एक फ्लोट पेट्रोलवर तरंगतो. पातळी पुरेशी झाली की तो वर उचलला जाऊन सुईच्या आकाराची झडप बंद करतो. ही झडप नीट बसली नाही तर जास्तीचे पेट्रोल ओव्हरफ्लो नळीतून जमिनीवर पडते. टाकीतील पेट्रोल कार्ब्युरेटरपेक्षा ३० सेंटिमीटर उंचीवर आहे असे धरल्यास नळीतील दाब जेमतेम ०.०२ बार भरतो.

फ्युएल इंजेक्शन असलेल्या मोटारसायकलींत विद्युत पंप पेट्रोलला दाब देतो आणि इंजेक्टर ते सूक्ष्म तुषारांच्या रूपात सोडतो. अनेक मोटारसायकलींत हा दाब सुमारे ३ बार, म्हणजे वर सांगितलेल्या दाबाच्या शंभरपटींहून अधिक असतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ उत्सर्जन मानके लागू झाल्यानंतर बहुतांश नव्या मोटारसायकलींत ही पद्धत रूढ झाली. रस्त्यावर मात्र दोन्ही प्रकारच्या मोटारसायकली आहेत. कार्ब्युरेटरच्या काळात रूढ झालेल्या डागडुजीच्या सवयी इंजेक्शनच्या मोटारसायकलींवर वापरल्या जाणे हा अलीकडचा महत्त्वाचा धोका आहे.

पेट्रोलचे गुणधर्म

पेट्रोल स्वतः द्रवरूपात जळत नाही. त्याची हवेत मिसळलेली वाफ जळते. पेट्रोलवरील वाफ ठिणगीने पेटू शकेल असे किमान तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने भारतातील कोणत्याही ऋतूत सांडलेल्या पेट्रोलवर ज्वलनशील वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा सुमारे तीन ते चार पट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात किंवा बंद जागेच्या तळाशी साचते आणि काही अंतरावरील ज्वाळेपर्यंत पोहोचून तेथून उलट गळतीच्या जागेपर्यंत पेटत येऊ शकते.

हवेतील वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच मिश्रण पेट घेते. १ मिलिलीटर पेट्रोलपासून अंदाजे २०० मिलिलीटर वाफ तयार होते. या हिशेबाने १० लिटरच्या टाकीत स्फोटक मिश्रण तयार होण्यास १ मिलिलीटरपेक्षाही कमी पेट्रोल पुरते. भरलेल्या टाकीत वाफेचे प्रमाण बहुधा वरच्या मर्यादेपलीकडे असते. टाकी रिकामी करून उघडी ठेवली की आत हवा शिरते आणि तेच मिश्रण ज्वलनशील मर्यादेत येते. ‘रिकामी’ टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक ठरते, ती या कारणाने.

अशी वाफ पेटण्यास सुमारे पाव मिलिज्यूल इतकी अल्प ऊर्जा पुरेशी असते. मानवी शरीरावर साचलेल्या स्थिर विद्युतभाराच्या ठिणगीतही याहून अधिक ऊर्जा असू शकते. मोटारसायकलवर तर स्पार्क प्लगची वायर, इग्निशन कॉइल, स्टार्टरचा रिले आणि विजेचे सैल जोड हे सर्व टाकीपासून हातभर अंतरात असतात.

प्रचलित उपाय आणि त्यांचे परिणाम

टाकीवरील लेप

टाकीतील पाणी तळाशी साचते आणि तेथील पत्रा आतून गंजतो. त्यामुळे बारीक छिद्रे बहुधा टाकीच्या खालच्या शिवणीजवळ पडतात. अशा छिद्रावर अंगाचा किंवा कपड्यांचा साबण घासणे हा फार जुना उपाय आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो छिद्र बुजवतो. मात्र तो पाण्यात विरघळतो. पावसाच्या एका सरीने किंवा गाडी धुतल्याने हा लेप निघून जातो. जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचणे एवढाच त्याचा उपयोग आहे.

दोन घटक मळून तयार होणारी इपॉक्सी लांबी अधिक टिकाऊ असते, परंतु ती स्वच्छ, कोरड्या व खरवडलेल्या धातूवरच नीट चिकटते. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा रंगावर, गंजावर किंवा पेट्रोलने ओल्या पृष्ठभागावर थापली जाते. पत्रा इंजिनाच्या कंपनांबरोबर थरथरतो, ऊन व थंडीने प्रसरण आणि आकुंचन पावतो. कडक झालेली लांबी त्याबरोबर वाकत नाही. तिच्या कडेने सूक्ष्म फट पडते आणि पेट्रोल लेपाखालून झिरपू लागते. शिवाय गंज आतून चालूच राहतो. लेपामागचा पत्रा विरत जाऊन छिद्र मोठे होते आणि पुढची गळती थेंबांची न राहता धारेची होते. झटपट चिकटणारे गोंद ठिसूळ असतात, तर सामान्य सिलिकॉन सीलंट पेट्रोलने फुगून सैल होतो.

बदली नळ्या, क्लिपा आणि टेप

सर्व रबरी नळ्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची रसायने भिन्न असतात. नैसर्गिक रबर आणि ट्यूबसाठी वापरले जाणारे ब्युटाइल रबर पेट्रोल शोषून फुगते व मऊ पडते. पीव्हीसीच्या पारदर्शक नळीला लवचीकता देणारी द्रव्ये पेट्रोलमध्ये उतरतात. काही दिवसांत ती नळी पिवळट, कडक आणि ठिसूळ होते व इंजिनाच्या उष्णतेने जोडापाशी तडकते. सलाईनच्या नळीची गत अशीच होते. इंधनासाठीच्या नळ्या नायट्राइल किंवा फ्लोरोकार्बन रबरासारख्या पेट्रोलला टिकणाऱ्या पदार्थांच्या असतात आणि त्यांच्यावर त्या वापराची खूण छापलेली असते.

नळीचे मापही महत्त्वाचे असते. आतील व्यास मोठा असेल तर बाइंडिंग वायरने आवळूनही जोड घट्ट बसत नाही, उलट तार नळीत रुतून ती कापते. नळी गरजेपेक्षा लांब असेल तर ती सिलिंडरवर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर टेकते, किंवा तिला पीळ पडून पुरवठा कमी होतो. पेट्रोल कमी पडल्यास मिश्रणात हवेचे प्रमाण वाढते, इंजिन तापते, पिस्टन जाम होण्याची शक्यता निर्माण होते आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून उलटा भडका उडू शकतो. जवळच कोठे पेट्रोल झिरपत असेल तर आग लागण्यास हा भडका पुरेसा असतो.

आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून पेट्रोलबरोबर वाहत जातात. कार्ब्युरेटरच्या मंदगती जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. त्यात असा तुकडा अडकल्यास इंजिन बंद पडते. तोच सुईच्या झडपेत अडकल्यास झडप उघडी राहते आणि नवी गळती सुरू होते.

ओव्हरफ्लो नळी बंद करणे

कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर दोष झिजलेल्या सुईत, तिच्या बैठकीत अडकलेल्या कचऱ्यात किंवा भोक पडलेल्या फ्लोटमध्ये असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके ठोकल्यास अडकलेला कचरा कधी कधी सुटतो. याउलट, ठिबकणारी नळी वाकवून बांधणे किंवा तिच्यात स्क्रू घालणे हा सर्व कामचलाऊ उपायांतील अत्यंत फसवा उपाय आहे. जमीन कोरडी राहते, पण वाढलेले पेट्रोल कार्ब्युरेटरमधून इंजिनाकडे वळते.

रात्रभर कॉक उघडा राहिल्यास हे पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये उतरते. १०० ते १५० सीसीच्या अनेक मोटारसायकलींत इंजिन तेल सुमारे १ लिटर असते. त्यात थोडे पेट्रोल मिसळले तरी तेल पातळ होते आणि बेअरिंग, कॅम व पिस्टन यांना पुरेसे वंगण मिळत नाही. तेलाची पातळी आपोआप वाढणे आणि तेलाच्या पट्टीला पेट्रोलचा वास येणे ही याची लक्षणे आहेत. पुरेसे द्रव पेट्रोल सिलिंडरमध्ये साचले असता स्टार्टर दाबल्यास, द्रव दाबला जात नसल्याने, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ओव्हरफ्लो नळी ही दोष नसून दोषाची सूचना देणारी आणि इंजिन वाचवणारी सोय आहे.

टाकीचे झाकण आणि हवेची वाट

टाकीतून पेट्रोल खाली जाते तेवढी हवा आत येणे आवश्यक असते. त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या मुखाशी बारीक मार्ग ठेवलेला असतो. पावसाळ्यात पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दाबून बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे हवेची वाट बंद झाल्यास टाकीत निर्वात निर्माण होऊन काही अंतरावर इंजिन बंद पडते. थांबून झाकण उघडले की गाडी पुन्हा चालू होते, म्हणून कित्येकदा दोष कार्ब्युरेटरमध्ये शोधला जातो. उन्हात उभ्या गाडीत याच्या उलट घडते. वाफेचा दाब वाढून पेट्रोल सुईच्या झडपेवर अधिक जोराने ढकलले जाते आणि झाकण उघडताच ते उसळून बाहेर येऊ शकते. झाकणाचे झिजलेले रबर बदलणे हा यावरील योग्य उपाय आहे.

कॅनिस्टर असलेल्या मोटारसायकलींत टाकीतील वाफ कोळशाच्या डब्यात शोषली जाते. त्याच्या नळ्या काढून टाकल्यास किंवा बंद केल्यास वाफ इंजिनाच्या आसपास सुटते, किंवा टाकीची हवेची वाटच अडते.

बाटलीतून इंधनपुरवठा

टाकी काढलेली असताना इंजिन तपासण्यासाठी हँडलला पेट्रोलची बाटली टांगून तिची नळी कार्ब्युरेटरला जोडण्याची रीत गॅरेजांमध्ये दिसते. टाकी गंजल्यामुळे काही जण याच पद्धतीने रस्त्यावर गाडी चालवतात. पातळ बाटली धक्क्याने फुटू शकते, इंजिनाच्या उष्णतेने मऊ होते आणि तिला बंद करण्याचा कॉक नसतो. पडझड झाल्यास सर्व पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडते. मूळ टाकी चौकटीला घट्ट बसवलेली, धातूची आणि कॉक असलेली असते. हे तीनही संरक्षक घटक बाटलीत नसतात.

फ्युएल इंजेक्शन असलेल्या मोटारसायकली

सुमारे ३ बार दाबाखालील नळीत बारीक फट पडली तर पेट्रोल ठिबकत नाही, तर त्याचा फवारा उडतो. फवाऱ्यातील सूक्ष्म थेंबांची वाफ तत्काळ होते. कार्ब्युरेटरची साधी नळी व तारेची क्लिप या दाबासाठी बनवलेली नसते. सुरुवातीला ती टिकल्यासारखी वाटते, पण नळी तापून मऊ झाल्यावर जोडावरून निसटते आणि पंप चालू असेपर्यंत टाकीतील पेट्रोल बाहेर फेकत राहतो. इंजिन बंद केल्यानंतरही नळीत काही काळ दाब शिल्लक असतो; तो आधी न सोडता जोड उघडल्यास पेट्रोल थेट चेहऱ्यावर आणि तापलेल्या इंजिनावर उडते.

अनेक मोटारसायकलींत गाडी आडवी पडल्याचे ओळखून पंप बंद करणारा सेन्सर असतो. पंप चालत नाही म्हणून त्याला बॅटरीची थेट वायर जोडल्यास ही व्यवस्था निकामी होते. अपघातात गाडी आडवी पडल्यानंतरही पंप चालूच राहतो. निर्वातावर चालणारा कॉक काढून त्याजागी साधा कॉक बसवण्याचा परिणामही असाच असतो. पूर्वी इंजिन थांबताच आपोआप बंद होणारे पेट्रोल आता चालकाने आठवणीने बंद करावे लागते.

टाकीचे वेल्डिंग

टाकी न धुता, किंवा केवळ पाण्याने खळबळून, तिच्यावर वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करणे हा या विषयातील थेट जिवावर बेतणारा प्रकार आहे. पत्र्याच्या घड्यांत, शिवणींत आणि गंजाच्या थरात राहिलेले पेट्रोल ज्योतीच्या उष्णतेने वाफ होऊन बाहेर येते. बंद पोकळीत ती वाफ पेटल्यास टाकी फुटून पत्र्याचे तुकडे उडतात. पेट्रोलचा वास न येणे हा टाकी सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. अनुभवी कारागीर टाकी वाफेने किंवा योग्य द्रावणाने वारंवार धुतात. त्यानंतर ती काठोकाठ पाण्याने भरून केवळ कामाची जागा वर ठेवतात, किंवा आत आरगॉन अथवा कार्बन डायऑक्साइड सोडून प्राणवायू बाहेर काढतात. ज्याच्याकडे ही साधने नाहीत त्याने टाकीवर ज्योत नेऊ नये.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

भारतात २००३ मध्ये काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट पुढे २०३० ऐवजी २०२५-२६ वर आणण्यात आले आणि २०२३ पासून असे पेट्रोल पंपांवर मिळू लागले. महाराष्ट्रातील साखर कारखाने हा इथेनॉलचा एक प्रमुख स्रोत आहे.

कामचलाऊ दुरुस्तीच्या दृष्टीने हा बदल दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. पहिले, शुद्ध पेट्रोलला टिकणारे काही रबर, गोंद आणि टाकीच्या आतील लेप इथेनॉलमुळे फुगतात, मऊ होतात किंवा सुटतात. पूर्वी वर्षभर टिकलेली डागडुजी नव्या इंधनात तितकी टिकेलच असे नाही. सुटलेल्या लेपाचे पापुद्रे गाळणीत आणि जेटमध्ये अडकतात. दुसरे, इथेनॉल पाणी शोषते. १० टक्के मिश्रणात पाण्याचे प्रमाण सुमारे अर्ध्या टक्क्यापलीकडे गेल्यास पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. तेथे गंजाची गती वाढते आणि रिझर्व्हवर येताच हाच थर इंजिनाकडे जातो. म्हणून जुन्या मोटारसायकलीची नळी बदलताना इथेनॉलमिश्रित इंधनासाठी योग्य असलेली नळी घेणे इष्ट ठरते.

आरोग्यावरील परिणाम

टाकी रिकामी करण्यासाठी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची सवय सर्वत्र आढळते. रेल्वेने मोटारसायकल पाठवताना टाकी रिकामी करावी लागते. तेव्हाही कित्येकदा हाच मार्ग अवलंबला जातो. पेट्रोल पातळ असल्यामुळे तोंडात आलेला घोट सहज श्वासनलिकेत उतरतो आणि फुप्फुसांना रासायनिक दाह होतो. खोकला, धाप व ताप ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. पेट्रोल गिळले गेल्यास उलटी करवू नये, कारण उलटीच्या वेळी ते पुन्हा फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. हाताने दाबायचा पंप किंवा कॉकची नळी काढून भांड्यात पेट्रोल सोडणे हे साधे व सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत.

पेट्रोलमध्ये बेंझीन हा कर्करोगकारक घटक असतो. बीएस ६ इंधनात त्याचे कमाल प्रमाण १ टक्का आहे. उघड्या हातांनी रोज पेट्रोलमध्ये सुटे भाग धुणाऱ्या कारागिरांच्या त्वचेला कोरडेपणा व भेगा येतात, तसेच वाफेमुळे डोकेदुखी व चक्कर येते. हवेशीर जागा आणि पेट्रोलला टिकणारे हातमोजे यांमुळे हा संपर्क कमी होतो.

उभ्या गाडीतील गळती आणि आग

धावत्या गाडीतील गळलेले पेट्रोल वाऱ्याने विरळ होते. उभ्या गाडीच्या बाबतीत तसे घडत नाही. अनेक इमारतींत मोटारसायकली जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या फलकाजवळ किंवा घराच्या बोळात लावल्या जातात. तेथे रात्रभर ठिबकलेल्या पेट्रोलची जड वाफ जमिनीलगत साचते. मीटरच्या फलकातील ठिणगी, उंबऱ्यावरचा दिवा, उदबत्ती किंवा पेटवलेली काडी तिला पुरेशी असते. अशी आग जिन्याच्या तोंडाशी लागत असल्याने वरच्या मजल्यांवरील रहिवाशांचा बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो. त्यामुळे डागडुजी केलेल्या मोटारसायकलीचा धोका तिच्या मालकापुरता मर्यादित राहत नाही.

पेट्रोलच्या आगीवर पाण्याचा झोत मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि जळत जळत पसरते. कोरड्या रासायनिक पावडरीचे किंवा फेसाचे अग्निशामक उपकरण योग्य ठरते. छोट्या आगीवर वाळू किंवा कोरडी माती टाकता येते. टाकीने पेट घेतला असल्यास दूर जाऊन अग्निशमन दलाला कळवणे हाच योग्य मार्ग आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. कलम १९० नुसार, माहीत असलेल्या किंवा साधी काळजी घेतल्यास कळू शकला असता अशा दोषामुळे इतरांना धोका निर्माण करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा गुन्हा आहे.

पेट्रोल साठवण्याबाबत पेट्रोलियम अधिनियम, १९३४ लागू होतो. त्याच्या कलम ८ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या पात्रात असावे लागते. काचेच्या किंवा चिनी मातीच्या पात्राची मर्यादा १ लिटर आणि धातूच्या पात्राची २५ लिटर आहे. पाण्याची प्लास्टिकची बाटली या यादीत नाही.

वाटेत गळती आढळल्यास

गावापासून दूर, घाटात किंवा रात्री गळती आढळल्यास काही वेळा तात्पुरत्या उपायाशिवाय पर्याय नसतो. अशा वेळी पुढील क्रम सुरक्षित मानला जातो:

• इंजिन बंद करून चावी काढावी व कॉक बंद करावा. गळतीचे कारण कळेपर्यंत गाडी पुन्हा चालू करून पाहू नये.
• गाडी ढकलत मोकळ्या, वाऱ्याच्या जागी न्यावी. धूम्रपान, काडी आणि उघडा दिवा दूर ठेवावा.
• इंजिन व सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावेत. सांडलेले पेट्रोल पुसून सुकू द्यावे.
• कपडे पेट्रोलने भिजले असल्यास ज्वाळेपासून दूर जाऊन ते उतरवावेत व त्वचा साबणाने धुवावी.
• नळीचे टोक फाटले असेल आणि तिची लांबी पुरेशी असेल तर फाटका भाग कापून उरलेली नळी क्लिपने पुन्हा बसवावी. कार्ब्युरेटरच्या गाडीत हा उपाय तुलनेने निर्धोक असतो.
• टाकीचे बारीक छिद्र साबणाने बुजवल्यास केवळ जवळच्या गॅरेजपर्यंत, कमी वेगाने आणि वारंवार थांबून तपासत जावे.
• ओव्हरफ्लो नळी, झाकणाची हवेची वाट आणि पंपाचे सुरक्षा सेन्सर कोणत्याही परिस्थितीत बंद करू नयेत.
• फ्युएल इंजेक्शनच्या दाबाखालील भागात गळती असल्यास गाडी चालवू नये; ती वाहनातून न्यावी.

लांबच्या प्रवासात योग्य मापाची हातभर इंधननळी, दोन क्लिपा व एक गाळणी सोबत ठेवल्यास बहुतेक प्रसंगी जुगाड करण्याची गरज भासत नाही. हे सर्व सामान स्वस्त आणि खिशात मावणारे असते. नळीला भेगा पडल्या आहेत का, क्लिपा सैल झाल्या आहेत का आणि टाकीच्या शिवणीवर रंगाचा फुगा आला आहे का, हे प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी पाहता येते.

तात्पुरता उपाय केला असल्यास तो गॅरेजमधील कारागिराला सांगणे आवश्यक असते. रंगाखाली झाकलेली लांबी किंवा बंद केलेली नळी पुढील कारागिराला व जुनी गाडी विकत घेणाऱ्याला दिसत नाही, आणि त्या दोषाचा धोका नकळत त्यांच्याकडे जातो. योग्य भाग बसवून गळतीची तपासणी झाल्यावरच दुरुस्ती पूर्ण झाली असे मानले जाते.

हे सुद्धा पहा

• कार्ब्युरेटर
• पेट्रोल
• इथेनॉल
• मोटारसायकल
• अग्निशामक उपकरण